धावड्याचं पानदान

पानदान उकिरड्यातून वर आलं तेव्हा चांगलं दीडशे वर्षांचं दिसत होतं. महिन्यापूर्वी आत गेलं तेव्हा ते जालन्याच्या भांड्यांच्या दुकानातलं नवंकोरं पितळ होतं.

अद्वैतने ते पोत्याने पुसलं. काळपट, हिरवट, एका बाजूला पोचा. पोचा तृप्तीने वरवंट्याने पाडला होता, आणि जरा जास्तच उत्साहाने.

"तुझे बाबा बराबर ओळखतील बघ," तृप्ती म्हणाली.

"आनंद झाला की त्यांना काही ओळखू येत नाही."

भालचंद्ररावांचा आनंद म्हणजे जुन्या वस्तू. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी शिकारीला निघत. मंठ्याचा बाजार, केदारखेड्यातली माळवदं, कुणाचा गोठा. म्हशीच्या पुढ्यातलं घंगाळ त्यांनी म्हशीची समजूत काढून आणलं होतं. घरात अडकित्ते इतके झाले होते, की सुपारी खाणारं कुणीच नाही याची त्यांच्या पत्नीला, विमलताईंना खंत वाटे.

त्यांचा नियम एकच. जे आपण स्वतः शोधलं नाही, ते अस्सल नव्हे. मेव्हण्याने भेट दिलेलं चालू घड्याळ त्यांनी माळ्यावर टाकलं, आणि स्वतः शोधलेलं बंद घड्याळ भिंतीवर लावलं. मुलासाठी आलेली स्थळंही त्याच माळ्याच्या वाटेने गेली.

अद्वैत त्यांचाच मुलगा. वडिलांनी मागे एकदा आपण होऊन एक मुलगी सुचवली होती, तर त्याने फोटोही न पाहता नको म्हटलं होतं.

आपली त्याने आपणच शोधली. बाबांनी दोडक्याचं बी आणायला बियाण्यांच्या कंपनीत पाठवलं, तिथे तृप्ती कामाला. बी चांगलं निघालं नाही म्हणून बाबांनी पुन्हा पाठवलं. मग कारल्याचं. पुढे पुढे तो बी आणायचंच विसरू लागला, आणि घरी कुणी विचारलंही नाही.

आता दोन वर्षं झाली होती. 'मी एक मुलगी पाहिलीय' असं सांगणं म्हणजे तिला माळ्यावर पाठवणं. ती बाबांनाच सापडायला हवी होती.

म्हणून हे पानदान. मंठ्याच्या बाजारात जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या राजानंदने बाबांच्या कानात सोडायचं होतं, की धावड्याच्या कडूबांकडे जुनी चीज आहे. तृप्तीचे वडील कडूबा यांनी बेत शांतपणे ऐकून घेतला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "कणगीमागं ठिवून देऊ. मंग?"

मंग काय बोलायचं, तेही अद्वैतने पढवलं.

रविवारी भालचंद्रराव शीळ घालत गाडी चालवत होते. धावड्याचा रस्ता माहीत नसल्याचं सोंग अद्वैतने तयार ठेवलं होतं. ते करायची वेळच आली नाही. बोलता बोलता गाडी कडूबांच्या दारात उभी राहिली.

"या साहेब," कडूबा म्हणाले. "कुठून येणं केलं?"

"जालन्याहून. जुनंपानं काही आहे का, बघत फिरतो."

"आमच्याकडं सगळंच जुनं. आमच्या मंडळीपासून."

"तुम्ही लई नवे," चतुराबाई आतून म्हणाल्या आणि चहा घेऊन आल्या. भालचंद्ररावांचा बिनसाखरेचा. तृप्तीने घरच्यांना झकास तयार केलेलं दिसत होतं.

मग भालचंद्रराव घरभर फिरले. चाळण्या उपड्या केल्या, पाटे निरखले, कंदिलाशी दोन शब्द बोलले. शेवटी कणगीमागे हात घातला आणि थांबले.

पानदान उन्हात आलं. त्यांनी ते हुंगलं. नखाने खरवडलं. कानाशी धरून टिचकी मारली. अद्वैतचा कप ओठांशीच राहिला.

"निजामाच्या काळातलं," ते हळूच म्हणाले.

अद्वैतने चहा गिळला.

"देता का, कडूबा?"

"विकायचं न्हाई साहेब. आमच्यात पानदान लेकीसंगं सासरी जातं." एक शब्द चुकला नाही.

"लेक आहे?"

लेक पाणी घेऊन दारातच उभी होती.

"काय करतेस बाळा?"

"बियाण्यांच्या कंपनीत आहे. उगवण तपासते."

"सगळं उगवतं?"

"उगवतं. धीर धरावा लागतो."

भालचंद्ररावांनी मान डोलावली आणि मुलाला बाहेर लिंबाखाली नेलं.

"अद्वैत, मला आज एक मुलगी सापडली. तू नको म्हणशील, माहीत आहे."

अद्वैतने आरशासमोर बसवलेला चेहरा केला. "तुमचा एवढा आग्रह असेल तर..."

"घाई नाही. विचार कर."

"केला."

हे जरा जल्दी झालं, पण बाबांचं लक्ष पानदानात होतं.

चतुराबाईंनी साखर वाटली. भालचंद्ररावांनी विमलताईंना फोन लावला. एवढी बातमी त्यांनी फारच शांतपणे घेतली. "बरं," त्या म्हणाल्या, "येताना भेंडी आणा."

कडूबांनी आगाऊच देऊन टाकलेलं पानदान मांडीवर घेऊन अद्वैत गाडीत बसला. त्याला हसू आवरेना. आयुष्यभर पितळ पारखलेला माणूस, आणि महिनाभराच्या उकिरड्याने फसला. थोडी दयाही आली. त्या दयेपोटीच तो बाबांना हात धरून आणायला परत फिरला.

दाराशी पोचला तर आत कडूबांचा आवाज.

"दोन वर्सं लावले की पोरानं, भालचंद्रराव. म्या तर आशा सोडून देल्ती."

"हळू बोला, कडूबा," बाबा म्हणाले. "त्याला तिच्या कंपनीत मी मुद्दाम धाडलं होतं हे कळलं, तर आत्ता नको म्हणेल."