शेवटच्या मेंढ्याचं घोंगडं

हौसानं जाळीच्या कुंपणावर काळं घोंगडं पसरलं आणि ती मागं सरली. मेंढ्या रवंथ करत बसून राहिल्या. एकीनंही मान वर केली नाही.

"वारा फिरलाय का?" तिच्या सासऱ्यांनी, धुळाप्पांनी, बाजेवरून विचारलं.

"वारा त्यांच्याच तोंडावर हाय, मामा."

साऱ्या मुलखात आता एकही मेंढा उरला नव्हता. प्रयोगशाळा वीर्यसुद्धा काचेतच बनवायची आणि त्यातून फक्त दुधाच्या माद्या जन्मायच्या. फुकटचा नर पोसायचा कुणी? पण नराच्या वासाशिवाय मेंढ्या माजावर येईनात, आणि त्यासाठी इंजेक्शन टोचलेल्या मेंढीचं दूध डेअरी घेईना. धुळाप्पांकडे मात्र त्यांच्या शेवटच्या मेंढ्याच्या न धुतलेल्या लोकरीचं घोंगडं होतं. ते वर्षभर पेटीत कोंडून ठेवायचं आणि हंगामाला एकदम समोर आणायचं. अवचित आलेल्या त्या वासानं अख्खा कळप एकदमच माजावर यायचा.

"पेटीतनं आजच काढलंस न्हवं?"

"थंडीत तुमाला ताप भरला हुता, मामा. शुद्ध नव्हती. दुसरं उबेचं काय नव्हतं घरात. महिनाभर हेच घातलं तुमच्या अंगावर. हितंच, मेंढरांजवळ."

धुळाप्पांनी मेंढ्यांकडे पाहिलं. मेंढ्यांच्या लेखी तो वास आता एका आजारी म्हाताऱ्याचा होता.

"आण ते इकडं पांघरायला, पोरी," ते म्हणाले. "आता त्याचा तेवढाच उपयोग."