पाचांचा निर्णय

यादवीत दुभंगलेल्या एका देशात मदतीला गेलेली डॉक्टर नंदा तिथल्या सरकारच्याच बॉम्बने इस्पितळात ठार झाली. १९८६च्या मेमध्ये तो देश चालवणाऱ्या पाचजणांच्या मंडळातला एक सदस्य अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या घरी तिच्या नवऱ्यापुढे, श्रीरंगपुढे, तिच्या नावाचं मरणोत्तर पदक घेऊन बसला होता. “चूक झाली. पण निर्णय पाचांचा होता, एकट्यावर दोष कसा ठेवणार?” श्रीरंग उसळला. “तिला खांदा आम्ही चौघांनी दिला, साहेब. दहनभट्टीचं बटण मात्र मला एकट्यालाच दाबावं लागलं. तुमच्यात शेवटचा हुकूम कुणी सोडला?” “अध्यक्षपद दर महिन्याला फिरतं.” “ती गेली त्या महिन्यात कुणाकडे होतं?” “बाबा, प्लीज, लीव्ह इट,” मुलगी सीमा स्वयंपाकघरातून म्हणाली. पाहुण्याने टायची गाठ चाचपली. “माझ्याकडे.” श्रीरंगने पदक त्याच्या मांडीवर ठेवलं आणि दार सताड उघडलं. “सीमा, ह्यांचा चहा टाकू नकोस. हे निघालेत.”