दोनशे चौदा नंबरची खोली

"सबनीसकाका, खोल्यांची यादी कॉम्प्युटर आपोआप जुळवतो. तुम्ही कशाला पेन्सिल झिजवताय?" आमच्या ऑफिसच्या आर्किटेक्ट मॅडम हसल्या.

नव्या हॉस्पिटलच्या भिंती आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये होत्या, ऑक्सिजनच्या नळ्या पाइपवाल्यांच्या मॉडेलमध्ये. दोन्ही मॉडेल्स एकमेकांना जोडलेली होती. मी कागद पुढे केला. "माझंच चुकत असेल, पण दोनशे चौदाला सहा ऑक्सिजन पॉइंट दाखवलेत. आपल्याकडे ती चादरींची खोली आहे. अतिदक्षता विभागात एकही नाही."

त्यांनी पाइपवाल्यांचं मॉडेल उघडलं. त्याला आमची महिन्यापूर्वीची फाइल जोडलेली होती. त्यानंतर आम्ही त्या दोन खोल्यांची अदलाबदल केली होती.

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे, काका!"

"वाटलं, ते मॉडेल मलाच नीट वाचता येत नसेल."

त्यांनी साइटवरच्या मुकादमाला फोन लावला. पलीकडून भिंतीत ड्रिल चालल्याचा आवाज येत होता.

"दुसऱ्या मजल्यावरचं काम थांबवा, आत्ताच," त्या म्हणाल्या.

तो आवाज बंद होईपर्यंत मी त्यांच्या टेबलापाशी उभाच राहिलो.