अकरा जणांचा केक

"फुगे दाराबाहेर नाही लावायचे," ती स्टुलावरून म्हणाली. "आत. सगळं आत."

"अगं, मग पोरांना घर सापडणार कसं?" आजीने खालून आणखी एक फुगा तिच्या हातात दिला.

"मी आणणार आहे ना कोपऱ्यावरून. अकराच्या अकरा."

आजीने कपाळाला हात लावला. पाच वर्षांच्या नातीचा वाढदिवस की मंत्र्याचा दौरा! निमंत्रणावर पत्ता नाही. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. हे तिच्या लेकीने एकेका मुलाच्या आईला शाळेच्या फाटकाशी गाठून, हात जोडून सांगितलं होतं. ती पार्सल ऑफिसात खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचे पत्ते वाचायची, आणि पत्ता कुणाच्या तोंडून कसा फुटतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या घरी तिने दीड वर्षात एक पार्सल मागवलं नव्हतं.

हे सगळं होतं पोरीच्या बापापायी. त्याने हिचं मनगट मोडलं होतं. ते पुढे जुळलं. पण ही घर सोडून निघाली तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "पोरगी माझी आहे. एक दिवस उचलून नेईन. जन्मभर शोधत बसशील." आरडाओरडा केला असता तर ती इतकी घाबरली नसती. पोरीच्या जवळपास फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. पण हुकूम कपाटात होता आणि तो माणूस मोकळा होता. म्हणून लेकीला आणि आपल्या आईला घेऊन ती या गावात आली. कुणालाही न सांगता.

तरी वाढदिवस घरीच करायचा, हे भिंगरीने ठणकावून सांगितलं होतं. पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून पोरीला घरात भिंगरी म्हणत. गेल्या वर्षी कुणाला बोलावलं नव्हतं, तर चार दिवस घुम्यासारखी बसली होती. यंदा तिला सगळ्यांसारखा वाढदिवस द्यायचा, असं आईने ठरवलं. भीत भीत का होईना, पण द्यायचा. अकरा पोरांसाठी केक परवाच सांगून ठेवला होता. आज तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. संगीतखुर्चीसाठी शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या होत्या आणि टेबल भिंतीला सरकवलं होतं. आता तिलाही जरा हुरूप आला होता. स्टुलावरून उतरून तिने ताटल्या मोजल्या.

"अकरा पोरं, भिंगरी, आपण दोघी. चौदा. आई, ही पंधरावी कुणाची?"

"असू दे गं. येतं-जातं एखादं माणूस."

"आपल्याकडे कोण येतं-जातं?"

आजीने ताटली पुसून ढिगावर ठेवली. ती सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून बसली होती. केसही नीट बांधले होते. मधूनच खिडकीशी जाऊन यायची. लेकीच्या मनात पाल चुकचुकली. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"आई! पाऊण वाजला. शाळा सुटली की! तू अजून इथेच?"

"आज मी नाही जायची."

"म्हणजे? मग तिला आणणार कोण?"

"आधी ओरडायचं नाही, कबूल कर." आजीने तिचा हात धरला, तोच मोडलेला. "तो आणतोय."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग ती मिळेल त्या खुर्चीवर बसली.

"महिन्यापूर्वी मीच फोन केला त्याला," आजी घाईघाईने सांगत होती. "फोनवर लहान पोरासारखा रडला गं. चुकलो म्हणाला. भांड्याला भांडं लागतंच, बाळा. म्हणून काय जन्मभर लपून राहायचं? लेकीचा वाढदिवस आणि बाप परका, हे मला बघवेना. शाळेसाठी माझ्या सहीची चिठ्ठी दिलीय त्याला. केकही तोच आणतो म्हणाला, म्हणून केकवाल्या बाईंचा नंबर दिला. बघ तर खरं, दोघं कशी हसत दारात उभी राहतात!"

शाळेत दोघींच्याच सह्या दिलेल्या होत्या. तिसऱ्या कुणाच्या हाती मुलगी जाऊ नये म्हणून तिनेच तो नियम लिहून दिला होता. तिने शाळेला फोन लावला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "हो, बाबा आले होते. वाढदिवस म्हणून साडेअकरालाच सोडलं तिला."

शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती.

"केकपाशी थांबले असतील," आजी म्हणाली. पण तिचा आवाज आता खाली आला होता. "भिंगरी कशी आहे, ठाऊक आहे ना तुला? फुलं मोजून घेईल केकवरची. तिथेच असतील बघ. लाव फोन."

तेवढीच आशा होती. दुकानात असतील तर धावत जाऊन गाठता येईल. तिने केकवाल्या बाईंचा नंबर लावला. "ताई, माझी मुलगी तिथे आहे का? वाढदिवसाचा केक न्यायला आलेत का कुणी?"

"तुमचा अकरा जणांचा केक ना?" केकवाल्या बाई म्हणाल्या. "तो तर बाबांनी कालच नको म्हणून सांगितलं. दोघांपुरता छोटा करून घेतला, आणि आत्ता तासाभरापूर्वी मुलीबरोबर येऊन घेऊनही गेले. घट्ट झाकणाच्या डब्यात द्या म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत गाडीतच असणार आहोत."