थोरलीचे वंशज

तनुजाचे सासरे तात्यासाहेब ठासून सांगायचे, पणजोबांना दोन बायका होत्या आणि आपण थोरलीचे, बानाबाईचे वंशज. म्हणून पडेगावच्या शेतातल्या पणजोबांच्या समाधीला पहिला नैवेद्य आपलाच! धाकट्या साळूबाईचे वंशज हे मानत नव्हते, त्यामुळं भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद होतं. शेवटी तनुजानं लेकीला कडेवर घेऊन उर्दूच्या मास्तरांकडून पणजोबांचं निजामाच्या काळातलं उर्दू मृत्युपत्र वाचून घेतलं.

"तात्या, बायको एकच होती हो! माहेरची बानाबाई. लग्नात नाव बदलून साळूबाई केलं तिचं. माझं बदललंत ना, तसंच."

तात्यासाहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.



"पण आधी बानाबाईच व्हती ना? मग थोरले आपणच!"