कंगाल मंडळ

"आइस्ड अमेरिकानो, साडेचार हजार वॉन. घेऊ का?"

रांगेत पुढे दोनच माणसं उरली असताना नारेने मोबाइलवर प्रश्न टाकला. 'कंगाल मंडळ' गटात उत्तरं धडाधड आली.

"ऑफिसातली फुकटची कॉफी विटली का महाराणींना?" हा 'फाटका मोजा'; गटात सगळ्यांची अशीच टोपणनावं.

"घे की! उद्या बँक बिस्किटं पण देईल." ही शेवटची बस.

आणि मग मंडळाचा खाष्ट म्होरक्या, खडेमीठ: "आज शेवटचा हप्ता आणि जीभ आजच वळवळते? नीघ रांगेतून. फोटो टाक."

नारे हसत बाहेर पडली आणि तिने रस्त्याचा फोटो टाकला. गटात टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मंडळाचा नियम सोपा होता. नाव कुणी विचारायचं नाही. खर्च मात्र एकूण एक सांगायचा आणि बाकीच्यांनी तो यथेच्छ झोडपायचा. त्यात खडेमिठाचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एकदा नारेने बाहेरून जेवण मागवायचं म्हटलं, तर लगेच उत्तर आलं, "घरात कालचा मुळा उरला असेल, तो कोण खाणार?" मुळा खरंच उरला होता. पण कोरियातल्या देजोन शहरात मुळा कुठल्या घरात नसतो? नारेने मनात पक्कं केलं होतं, हा चाळिशीचा, एकटा राहणारा गडी. बायको असती तर इतका खवट राहिलाच नसता.

त्याच्या शिव्या खात खात तिने दोन कोटी वॉन फेडत आणले होते. कर्ज कशाचं, हे मात्र तिने गटातही कधी सांगितलं नव्हतं. धाकट्या भावाच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानासाठी तिने आपल्या नावावर पैसे उचलले आणि दुकान वर्षभरात बसलं. तेव्हापासून भाऊ तिच्या घराकडे फिरकला नव्हता. नवरा दूर गोजेच्या जहाज कारखान्यात होता. त्याने एक वेळ समजून घेतलं असतं. पण सासूबाई? कागदी रुमालाचेसुद्धा दोन तुकडे करून वापरणारी बाई ती. माहेरासाठी कर्ज काढलं हे कळलं असतं, तर भावाला घराचं दार कायमचं बंद झालं असतं. आज ती भीतीच संपणार होती. नारे जवळजवळ पळतच घरी आली.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात मोबाइल. दिवसभर पत्त्यांचा खेळ चालायचा त्यांचा.

"धावत आलीस? कुत्रं मागे लागलं का?"

"नाही आई, सहजच."

"उद्याचा डबा भरलाय. उरलं होतं, टाकून कशाला द्यायचं."

हल्ली रोज काही ना काही उरायचंच. बाईंचा अंदाज चुकतो, असं नारेला वाटायचं. पण त्यामुळे तिच्या हिशेबात दुपारचं जेवण कायम शून्य असायचं, म्हणून तीही गप्प राहायची.

खोलीत जाऊन तिने दार लावलं. शेवटचा हप्ता भरला. बाकी कर्ज: शून्य! उशीत तोंड खुपसून ती मनसोक्त ओरडली. पलंगावर उड्या मारल्या. मग गटात लिहिलं, "फिटलं!"

मंडळ वेडंपिसं झालं.

"महाराणी सुटल्या!" फाटका मोजा ओरडला.

"आम्हा कंगालांना विसरलीस तर बघ!" शेवटची बस म्हणाली.

खडेमीठ तेवढं गप्प होतं. नारेला चुटपुट लागली. तिने लिहिलं, "दादा, शेवटचं एकदा रागवा ना. तुमच्यामुळेच झालं सगळं."

मग उत्तर आलं.

"दादा कुणाला म्हणतेस? रविवारी भावाला जेवायला बोलाव, किती दिवस तोंड लपवील बिचारा. आणि आता बाहेर ये, सूप गार होतंय."