तुमचं घर उठलं नाही ते?

बराच वेळ कुणी उठलं नाही. प्लगाइनला, म्हणजे नाताळगीतांच्या संध्याकाळी, चर्चमध्ये कुणी नावं पुकारत नाही. ज्या घराची पाळी ते घर आपणहून उठतं आणि पुढे जाऊन गातं. आता पाळी इद्वलच्या घराची होती, आणि इद्वल छताकडे बघत बसले होते.

त्यांच्या थोरल्या लेकीने, हेलेदने, मांडीवरच्या चिमुकल्या माब्लीला सावरून वडिलांच्या कोपराला हलकेच हात लावला. ते हसले, ओळख न पटलेल्या माणसाकडे बघून हसावं तसे. पणजोबांचं एकच गीत आता त्यांच्याजवळ उरलं होतं. बाकीची गेल्या हिवाळ्यातच आठवणीतून गेली. मेंढ्यांना चारा टाकताना ते हेच घोळवत, आणि ती खिडकीआड उभी राहून ऐकत असे, कुठे अडतात का म्हणून.

मागच्या बाकावरून हावोद मळ्याची तेग्वेन उठली, तिच्यामागे तिचे दोघे मुलगे. पुढे जाऊन गायला लागले.

पहिल्याच ओळीला धाकटा भाऊ गेथिन हेलेदच्या कानाशी आला. "ताई, हे आपलं आहे."

ते तिलाही कळलं होतं. तेग्वेनकडे ते आलं कुठून, ते कळत नव्हतं. दुसऱ्या घरचं गीत इथे कुणी गात नाही. आणि एकदा झालेलं गीत त्या संध्याकाळी पुन्हा गात नाहीत, हे तर माब्लीलाही माहीत. म्हणजे आज आपण गायचंच नाही? बाबांना बाहेर न्यायचं का? राग यायला हवा होता. पण तेग्वेन गाताना सारखी बाबांकडेच बघत होती, शाळेतली पोर मास्तरांकडे बघते तशी.

तिघे जाग्यावर जाऊन बसले. टाळ्या इथे वाजत नाहीत. त्या शांततेत बाबा उठले.

हेलेदने त्यांची बाही धरली. "बाबा, झालं हे. आत्ताच झालं."

"आपलं कुठे झालं? आपण अजून उठलोच नाही," म्हणून ते चालू लागले.

माब्लीला कडेवर घेऊन ती मागोमाग गेली, गेथिनही. बाबांनी नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, सूर दिला. तेच गीत. सगळी कडवी, कुठेही न अडता. बाकांवर कुणी खोकलंसुद्धा नाही. पाद्री आपल्या बुटांकडे बघत होते.

नंतर हॉलमध्ये चहा होता. हेलेदने तेग्वेनला भांड्यांपाशी गाठलं आणि सरळ विचारलं, आमचं गीत तुमच्याकडे कसं.

कप पुसता पुसता तेग्वेन म्हणाली, उन्हाळ्यात इद्वल स्वतःच येत होता, रविवारी रविवारी बसवून शिकवून गेला. "मी उठलो नाही तर तुम्ही उठा, म्हणाला. पोरांना कळू देऊ नका, म्हणाला. आज तो उठेना, म्हणून आम्ही उठलो गं."

हेलेदने दुसरं फडकं उचललं आणि एक कप पुसायला घेतला. तेवढ्यात बाबाच कप घेऊन आले. गाल लाल, स्वारी खूश.

"तेग्वेन, यंदा तुमचं घर उठलं नाही ते?"

तेग्वेनने हेलेदकडे पाहिलं. "नाही रे इद्वल. यंदा राहूनच गेलं."

"गीत नसेल तुमच्याकडे. मग ये की रविवारी," बाबा म्हणाले. "एक शिकवतो."

तेग्वेनने त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला.

"येते," ती म्हणाली. "पोरांनाही आणते."